कोंबडीच्या आतड्यातील जंत कशावर जगतात आणि औषध नेमके कुठे लागते

मृगाचे दोन-चार पाऊस पडून गेले की सोलापूर जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर गावरान कोंबड्यांची एक ठरावीक तक्रार सुरू होते. कोंबडी दाणे टिपते, पण खाल्लेले अंगी लागत नाही; तुरा फिका पडतो, पंख पाडून ती कोपऱ्यात बसते आणि तलंगा अंड्यावर यायला उशीर लावतात. मग तालुक्याच्या दवाखान्यातून किंवा औषधाच्या दुकानातून जंताचे औषध येते, ते पाण्यातून पाजले जाते, दुसऱ्या दिवशी विष्ठेत लांब, पिवळसर पांढरे जंत पडलेले दिसतात आणि घरातल्यांचे समाधान होते. काही घरी मात्र थोड्याच दिवसांत पुन्हा तीच गत होते. “डॉक्टरसाहेब, औषीद पाजलं, मोठं जंत पडलं बी, पण ती पट्टीवानी हायती ती तशीच हायती की,” अशी कैफियत मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या पशुवैद्यांना नवी नाही. ऐकणारा पटकन औषधावर संशय घेतो. बहुतेक वेळा औषध खरे असते. ते ज्या जागी घाव घालते ती जागाच त्या दुसऱ्या जंताच्या शरीरात नसते, किंवा असली तरी त्याचे जगणे तिच्यावर अडलेले नसते. ही जागा कोणती, हे समजण्यासाठी जंत खातो काय, त्यातून शक्ती कशी काढतो आणि टाकतो काय, याचा हिशेब पाहावा लागतो.

आधी हे जंत कोणते ते पाहू. सर्वांत ठळक दिसतो तो मोठा गोल जंत. त्याचे शास्त्रीय नाव ॲस्करिडिया गॅली. नर साधारण ५ ते ८ सेंटिमीटर लांब, तर मादी १२ सेंटिमीटरपर्यंत वाढते. तो लहान आतड्यात मोकळा राहतो. भिंतीला चिकटून न बसता आतड्यातील प्रवाहाविरुद्ध सतत हालचाल करून आपली जागा राखतो. जंतांनी भरलेली कोंबडी मेल्यावर तिचे आतडे बाहेरून चाचपले तरी पुंजका बोटांना लागतो. कात्रीने आतडे उभे कापून त्यातला एक जंत कोमट मिठाच्या पाण्यात सोडला तर तो बराच वेळ वळवळत राहतो. सुईने टोचला तर अंगातून द्रवाची चिळकांडी उडते आणि आतापर्यंत ताठ असलेला जंत लुळा पडतो. त्याला हाड नाही. दाबाखाली कोंडलेला हा द्रवच त्याचा सांगाडा असतो. दुसरा गोल जंत म्हणजे हेटेराकिस गॅलिनॅरम. तो जेमतेम एक-दीड सेंटिमीटरचा असून मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या दोन आंधळ्या पिशव्यांत, म्हणजे अंधनालांत राहतो. त्याचा स्वतःचा उपद्रव कोंबडीला फारसा नाही. पण त्याच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव पसरतो आणि जवळपास टर्की पाळल्या असतील तर त्यांच्या यकृतावर बेतते.

तिसरा गट पट्टकृमींचा. आपल्याकडच्या कोंबड्यांत रैलिएटिना या कुळातील तीन जाती वारंवार नोंदल्या गेल्या आहेत: टेट्रागोना, एकिनोबोथ्रिडा आणि सेस्टिसिलस. पहिल्या दोन २५ सेंटिमीटर आणि त्याहूनही लांब होऊ शकतात. डोके टाचणीच्या टोकाएवढे, त्यावर चूषक आणि बारीक आकडे. त्यामागे एकामागून एक जोडलेले चपटे खंड. यांतील एकिनोबोथ्रिडा आपले डोके आतड्याच्या भिंतीत इतके खोल रुतवतो की बाहेरच्या बाजूने गाठी उठतात आणि त्या गाठी पाहून अनेकदा पक्ष्यांच्या क्षयरोगाची शंका घेतली जाते. गोल जंत आणि पट्टकृमी यांना आपण एकाच शब्दाने जंत म्हणतो खरे. पण प्राणिसृष्टीत त्यांचे नाते फार दूरचे आहे. पुढे औषधांचा विषय येईल तेव्हा हे दूरपण महत्त्वाचे ठरते.

आता जागा पाहू. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. आतड्यात ज्वारी, मका, बाजरी यांतील पिष्टमय पदार्थ फुटून तयार झालेले ग्लुकोज वाहत असते, प्रथिनांपासून सुटलेली अमिनो आम्ले असतात, पित्तामुळे विरघळलेले स्निग्ध पदार्थ असतात. अन्नाची ददात नाही. कमतरता आहे ती एकाच गोष्टीची, ऑक्सिजनची. भिंतीलगत रक्तवाहिन्यांतून थोडा ऑक्सिजन झिरपतो, पण पोकळीच्या मध्यभागी तो जवळजवळ नसतो, कारण असलेला तेवढा जिवाणू संपवून टाकतात. उलट कार्बन डायऑक्साइड मुबलक असतो. जठरातून आलेले आम्ल स्वादुपिंडाच्या बायकार्बोनेटने शमवताना तो वायू सुटतो, आणि जिवाणूंच्या किण्वनातूनही त्यात भर पडते. कोंबडीच्या दृष्टीने हा टाकाऊ वायू. जंताच्या दृष्टीने मात्र तो कच्चा माल आहे, आणि त्याच्या जीवरसायनाची सगळी मेख इथे आहे.

कोंबडीची पेशी ग्लुकोजचा एक रेणू ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण जाळते, तेव्हा तिला एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. एटीपी हे पेशीतले शक्तीचे चलन; स्नायू आखडायचा असो की प्रथिन जोडायचे असो, खर्च याच चलनात होतो. ऑक्सिजन नसेल तर ग्लुकोज अर्धवट मोडून लॅक्टिक आम्लावर थांबावे लागते आणि एटीपीचे केवळ २ रेणू हाती येतात. धावल्यावर आपल्या स्नायूंत काही काळ हेच घडते. जंताने या दोन्हींमधला तिसरा मार्ग काढला आहे. त्यात त्याला एका ग्लुकोजमागे सुमारे ५ एटीपी मिळतात, आणि त्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागत नाही.

हा मार्ग थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. त्याचा बराचसा तपशील डुकराच्या आतड्यातील मोठ्या ॲस्करिस जंतावर उलगडला गेला, कारण तो आकाराने मोठा असून कत्तलखान्यांत सहज मिळतो. कोंबडीतील गोल जंत आणि पट्टकृमी यांच्यातही थोड्याफार फरकाने हाच नकाशा दिसतो. सुरुवात आपल्यासारखीच होते. सहा कार्बन असलेले ग्लुकोज तुटून तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात आणि ते फॉस्फोइनॉल पायरुवेट या रेणूपर्यंत पोहोचतात. आपल्या पेशीत यापुढे पायरुवेट तयार होते. जंतात या वळणावरचे विकर, म्हणजे पायरुवेट कायनेज हे एन्झाइम, मंद असते. त्याऐवजी पीईपीसीके नावाचे दुसरे विकर जोरात असते. ते त्या तीन कार्बनच्या तुकड्याला आतड्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा एक कार्बन जोडते आणि चार कार्बनचे ऑक्झॅलोॲसिटेट तयार करते. हे विकर कोंबडीच्या यकृतातही असते, पण तिथे ते उलट दिशेने चालते. उपाशीपोटी नवी साखर घडवण्याच्या कामात ते ऑक्झॅलोॲसिटेटमधून कार्बन डायऑक्साइड सोडून देते. अवजार तेच, फक्त जंताने ते उलटे फिरवले आहे.

ऑक्झॅलोॲसिटेटपासून मॅलेट बनते आणि ते मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या शक्तिघरात, शिरते. तिथे मॅलेटच्या दोन वाटा होतात. तीन मॅलेट घेतली असे समजू. त्यांतील एकाचे पायरुवेट आणि पुढे ॲसिटेट होते; या वाटेवर इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या सुटतात. उरलेल्या दोन मॅलेटचे फ्युमरेट होते आणि प्रत्येक फ्युमरेट इलेक्ट्रॉनांची एक जोडी घेऊन सक्सिनेट बनते. सुटलेल्या जोड्या दोन, घेतलेल्या जोड्याही दोन. जमाखर्च तंतोतंत जुळतो. आपल्या पेशीत हे इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या पदरात टाकले जातात. जंताच्या पेशीत ते काम फ्युमरेट करते. सक्सिनेटपासून पुढे प्रोपिओनेट होते, आणखी थोडे एटीपी मिळते, आणि ॲसिटेट, सक्सिनेट, प्रोपिओनेट ही आम्ले जंत बाहेर टाकून देतो. कोणत्या जातीत कोणते आम्ल किती, हे प्रमाण वेगवेगळे असते.

या टाकलेल्या आम्लांत भरपूर शक्ती शिल्लक असते. रसवंतीवाला ऊस तीन-चार वेळा चरकातून काढून चोयटी कोरडी करतो. जंत मात्र एकदाच पिळून रसाने ओथंबलेली चोयटी फेकून देणारा आहे. ज्याच्या दारात फुकटचा ऊस रोज येऊन पडतो त्याला काटकसर शिकण्याचे कारण नसते. म्हणूनच जंताच्या स्नायूंत आणि पट्टकृमीच्या मऊ ऊतींत ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा मोठा असतो. कोंबडी दिवसा चरते आणि रात्री उपाशी असते. त्या रात्रीची तरतूद या साठ्यातून होते.

मॅलेटच्या या दुहेरी वाटेत आणखी एक बारकावा आहे आणि तो अलीकडच्या संशोधनात विशेष गाजला. मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यात इलेक्ट्रॉन एका विकराकडून दुसऱ्याकडे नेणारे छोटे वाहक रेणू असतात. कोंबडीत हे काम युबिक्विनोन करतो. तो इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो आणि ते फ्युमरेटला सहजी देत नाही. प्रौढ जंत त्याऐवजी रोडोक्विनोन वापरतो. दोघांच्या रचनेत फरक एवढाच की एका ठिकाणी मेथॉक्सी गट असतो तिथे दुसऱ्यात अमिनो गट येतो. पण त्यामुळे रेणूचा स्वभाव बदलतो आणि तो फ्युमरेटला इलेक्ट्रॉन देऊ लागतो. हा अमिनो गट येतो कुठून, याचा उलगडा २०१९ च्या सुमारास मातीत राहणाऱ्या सी. एलिगन्स या निरुपद्रवी गोल कृमीवरील प्रयोगांतून झाला. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटन होताना मध्येच तयार होणारा एक रेणू रोडोक्विनोनचा पाया ठरतो. ऑक्सिजन असला की युबिक्विनोन, नसला की रोडोक्विनोन, अशी अदलाबदल हा कृमी करू शकतो. कोंबडीचे चलनवलन रोडोक्विनोनवर अवलंबून नाही, त्यामुळे नव्या औषधासाठी ही जागा आशेची मानली जाते.

परजीवींच्या अभ्यासाने साऱ्या जीवरसायनाला मोठे देणे दिले आहे, हे इथे जाता जाता नोंदवायला हवे. पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारी सायटोक्रोम ही रंगीत प्रथिने केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये जगासमोर मांडली. त्या शोधाची सुरुवात घोड्याच्या जठरात वाढणाऱ्या माशीच्या अळ्यांपासून झाली होती.

प्रौढ जंताचे हे असे. त्याचे अंडे मात्र अगदी उलट्या रसायनावर जगते. ॲस्करिडियाची मादी दररोज हजारो अंडी घालते. ती विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा त्यांत अळी तयार नसते. उबदार, ओलसर, हवा खेळणाऱ्या जागी साधारण दहा ते वीस दिवसांत आत संसर्गक्षम अळी तयार होते, आणि या वाढीला ऑक्सिजन लागतो. गोल जंतांच्या अंड्यातील अळी आपल्याप्रमाणेच ऑक्सिजन वापरते आणि शिदोरी म्हणून मेद जाळते. मेदापासून साखर बनवण्याची, ग्लायॉक्सिलेट चक्र नावाची सोयही तिच्याकडे असते; हे चक्र उगवणाऱ्या शेंगदाण्यात असते, कोंबडीत किंवा माणसात नसते. एकाच जीवाने आयुष्याच्या दोन टप्प्यांत दोन वेगवेगळी इंजिने वापरावीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

अंड्याचे कवचही रसायनाच्या दृष्टीने भक्कम असते. त्यात कायटिनचा थर ताकद देतो आणि सर्वांत आतला मेदाचा थर पाण्यात विरघळणारी बहुतेक रसायने आत येऊ देत नाही. म्हणून खुराड्यात नेहमीचे जंतुनाशक शिंपडून जंताची अंडी मरत नाहीत. ती मरतात कोरड्या उष्णतेने आणि थेट उन्हाने. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा सोलापूरच्या उघड्या माळावर पडलेल्या अंड्यांचा निभाव लागणे कठीण असते. पण कोंबडी फक्त माळावर राहत नाही. रांजणाखालची पाझरती ओल, गोठ्याच्या गटारीचा काठ, कडब्याच्या गंजीची सावलीतली बाजू, उकिरड्याचा आतला थर या जागा भर उन्हाळ्यातही थंड आणि ओलसर राहतात, आणि कोंबड्या नेमक्या तिथेच उकरत असतात. पाऊस पडला की अशा जागा सगळीकडे होतात. गांडुळेही वर येतात. जंताची अंडी गिळलेले गांडूळ कोंबडीने खाल्ले तरी संसर्ग होतो.

गिळलेले अंडे उबते ते कशाने, हाही रसायनाचाच प्रश्न आहे. शरीराची ऊब, ऑक्सिजनचा अभाव आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड या खुणा एकत्र मिळाल्या की अळी जागी होते, तिची विकरे कवचाच्या आतल्या बाजूवर काम करू लागतात, मेदाचा थर पाणी आत-बाहेर सोडू लागतो आणि अळी कवच फोडून बाहेर पडते. जो वायू प्रौढ जंताचा कच्चा माल, तोच अंड्यासाठी घर आल्याची वर्दी. बाहेर पडलेली अळी काही दिवसांनी आतड्याच्या अस्तरात शिरते, तिथे काही काळ राहते आणि मग परत पोकळीत येऊन प्रौढ होते. अंडे गिळल्यापासून विष्ठेत नवी अंडी दिसेपर्यंत साधारण पाच ते आठ आठवडे जातात.

कोंबडीचे नुकसान मुख्यतः या अस्तरातल्या मुक्कामात होते, असे माझे मत आहे. जंत खाद्य खातो म्हणून कोंबडी वाळते, ही समजूत सर्वत्र आहे आणि ती पूर्ण चूक नाही. पुंजका मोठा असेल तर आतडे तुंबून कोंबडी दगावतेही. पण जंताने टाकलेली ॲसिटेट-प्रोपिओनेटसारखी आम्ले कोंबडीचे आतडे शोषून घेऊ शकते, म्हणजे चोरीतला काही माल परत मिळतो. अस्तर खरवडले गेले, त्यात रक्तस्राव झाला आणि सूज आली तर मात्र अन्न शोषणारी जागाच कमी होते, आणि ते नुकसान दाणे वाढवून भरून निघत नाही. तीन महिन्यांखालील पिल्लांना याचा त्रास सर्वाधिक होतो. वय वाढते तशा आतड्यात श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी वाढतात आणि अळ्यांचा जम बसणे अवघड होते. हेच अस्तर निरोगी ठेवायला अ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडलेल्या पिल्लांत जंत जास्त संख्येने आणि जास्त मोठे वाढतात, हे जुन्या प्रयोगांतूनच सिद्ध झाले आहे. आपल्याकडची ज्वारी पोट भरायला उत्तम, पण पांढऱ्या ज्वारीत या जीवनसत्त्वाचा पुरवठा नगण्य असतो. घासाचा किंवा शेवग्याचा हिरवा पाला आणि थोडा पिवळा मका यांनी ती उणीव बऱ्यापैकी भरून निघते.

स्वतः जंत पचत का नाही, हे कोडेही सोडवण्यासारखे आहे. मांसाचा तुकडा ज्या पाचकरसात काही तासांत विरघळतो त्यात जंत महिनोन्महिने राहतो. गोल जंताचे बाहेरचे आवरण कोलॅजन या प्रथिनाचे असते आणि त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांत घट्ट विणलेले असतात. शिवाय ॲस्करिस गटातील जंत ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन यांसारख्या पाचक विकरांना अडवणारी छोटी प्रथिने तयार करतात. ती विकराच्या दातांतच जाऊन बसतात. कोंबडीच्या संरक्षक पेशी विषारी ऑक्सिजन-संयुगे सोडतात, त्यांना निष्प्रभ करणारी विकरेही जंतांकडे असतात.

पट्टकृमीची गोष्ट आणखी वेगळी. त्याला तोंड नाही, आतडे नाही. त्याची सगळी त्वचाच आतड्याचे काम करते; तिच्यावर सूक्ष्म केसांसारखे असंख्य उंचवटे असतात, आणि सोडियमच्या ओघाबरोबर ग्लुकोज आत ओढणारी वाहक प्रथिने त्यांत बसवलेली असतात. मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ तो स्वतः घडवत नाही. तयार माल कोंबडीकडून घेतो. इतके परावलंबन असल्यामुळे कोंबडीच्या पोटात अन्न नसले की त्याचे हाल लगेच होतात. सेस्टिसिलस जातीवर १९४० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत कोंबड्यांना दिवस-दोन दिवस उपाशी ठेवले, तेव्हा पट्टकृमींचे ग्लायकोजेन संपत आले आणि त्यांनी आपले खंड टाकून दिले. डोके मात्र जागेवर राहिले, आणि पुन्हा खाद्य मिळताच त्यापासून नवे खंड वाढू लागले. विष्ठेत पट्टीचे तुकडे पडले म्हणजे जंत गेले, असे म्हणता येत नाही ते यासाठी. एखाद्या घरगुती उपायाने किंवा कोंबडी एक दिवस डालग्याखाली उपाशी ठेवल्याने तुकडे पडतात, आणि काही दिवसांनी खेळ पुन्हा सुरू होतो.

आता औषधांकडे वळू. पायपेरझिन हे स्वस्त आणि जुने औषध. ते गोल जंताच्या स्नायूंवरील गाबा नावाच्या रासायनिक निरोपाच्या ग्राहकांना, म्हणजे तो निरोप टिपणाऱ्या प्रथिनांना, चालू करते. स्नायू सैल पडतात, जंताला प्रवाहाविरुद्ध जागा राखता येत नाही आणि आतड्याच्या हालचालीने तो बाहेर पडतो. तो मरून नव्हे, बहुधा लुळा होऊन पडतो. पट्टकृमीची स्नायूयंत्रणा या ग्राहकांवर चालत नाही आणि तो डोक्याने भिंतीला धरून असतो. त्यामुळे त्याला या औषधाचा काही फरक पडत नाही. सुरुवातीच्या त्या कैफियतीचे उत्तर हे आहे. अस्तरात लपलेल्या अळ्यांवरही पायपेरझिनचा जोर चालत नाही, म्हणून त्या पोकळीत येण्याची वाट पाहून पशुवैद्य पुढची मात्रा सांगतात. लेव्हॅमिसोल उलट्या बाजूने जाते: ते ॲसिटिलकोलिन या स्नायू आखडवणाऱ्या निरोपाच्या ग्राहकांना सतत चालू ठेवते आणि जंताचे स्नायू आखडून जातात. परिणाम तोच, जंत जागा सोडतो. पण तोही गोल जंतच, पट्टकृमी सुटतोच.

फेनबेंडॅझोल, अल्बेंडॅझोल या गटाचे काम संथ असते. जंताच्या पेशींत मायक्रोट्यूब्यूल नावाच्या सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांवरून पेशीतील माल इकडून तिकडे जातो. या नळ्यांच्या बीटा ट्यूब्युलिन या घटकाला औषध चिकटते, नळ्या जुळत नाहीत, ग्लुकोज घेणे मंदावते, ग्लायकोजेनचा साठा संपत जातो आणि जंत अक्षरशः उपाशी मरतो. म्हणून हे औषध एका घोटात देण्यापेक्षा काही दिवस विभागून देण्याची पद्धत आहे. पट्टकृमीसाठी प्राझिक्वॉन्टेल आणि निक्लोसामाइड ही नावे महत्त्वाची. प्राझिक्वॉन्टेल त्वचेतून कॅल्शियमचा लोंढा आत सोडते. कृमी आखडतो, त्वचा फाटते आणि पाचकरसांना रोखणारे आवरणच राहत नाही. मग कोंबडी त्याला पचवून टाकते, आणि विष्ठेत काही दिसत नाही म्हणून औषध लागू पडले नाही असा उलटा गैरसमज होतो. निक्लोसामाइड मायटोकॉन्ड्रियातील शक्तीची साठवण उधळून लावते आणि आतड्यातून रक्तात फारसे शिरत नाही, म्हणून कोंबडीला त्याचा उपद्रव कमी.

मॅलेटच्या वाटेवर थेट घाव घालण्याचे प्रयत्नही आपल्या देशात झाले आहेत. मेघालयातील खासी लोक सोह-फ्लांग नावाचा कंद जंतावर उपाय म्हणून कच्चा खातात. शिलाँगच्या ईशान्य पर्वतीय विद्यापीठातील संशोधकांनी त्याच्या सालीतील जेनिस्टीन हा घटक रैलिएटिना एकिनोबोथ्रिडावर, म्हणजे आपल्या याच कोंबडीतील गाठी उठवणाऱ्या पट्टकृमीवर, तपासला. कृमी लुळा पडला, त्वचेला इजा झाली आणि ग्लायकोजेन घटले. पीईपीसीके हे विकर पट्टकृमीत कार्बन डायऑक्साइड जोडण्याच्या दिशेने चालते, याचाही अभ्यास तिथे झाला. हे काम प्रयोगशाळेतील आहे; तो कंद कोंबडीला खाऊ घालावा असा त्याचा अर्थ नाही.

औषध निष्प्रभ होण्याचे कारणही रेणूंतच असते. मेंढ्यांच्या जठरातील हिमॉन्कस या जंतात बीटा ट्यूब्युलिनच्या साखळीतील २०० व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलले, फिनिलॲलानिनच्या जागी टायरोसिन आले, की अल्बेंडॅझोल नीट चिकटत नाही. असे जंत औषधातून वाचतात आणि त्यांचीच पैदास वाढते. कोंबड्यांच्या बाबतीतही कमी मात्रा वारंवार पाजणे म्हणजे अशाच जंतांना वाट मोकळी करून देणे होय. पाण्यातून औषध देताना दबंग कोंबडी जास्त पिते, खुडूक आणि आजारी कोंबडी कमी पिते; उन्हाळ्यात तर सर्वच पाण्याचा हिशेब बदलतो. थोड्याच कोंबड्या असतील तर प्रत्येकीचे वजन अंदाजून चोचीतून औषध देणे कष्टाचे असले तरी बरे. अंडी किंवा मांस किती दिवस खाऊ नये, तेही प्रत्येक औषधागणिक वेगळे असते आणि ते पशुवैद्याला विचारूनच ठरवावे.

पायपेरझिनने पडलेले जंत जिवंत असतात आणि मादीच्या पोटातील अंडीही शाबूत असतात. औषधानंतरच्या दोन-तीन दिवसांतली विष्ठा खराट्याने गोळा करून उकिरड्यावर टाकली तर सगळी अंडी परत कोंबडीच्या चोचीखाली येतात. ती जाळावी किंवा खोल पुरावी. पट्टकृमीचा मार्ग वेगळा. त्याची अंडी कोंबडीने खाल्ली तरी काही होत नाही. ती आधी मुंगीने, भुंगेऱ्याने किंवा शेणकिड्याने खावी लागतात आणि त्या किड्याच्या पोटात पुढची अवस्था तयार व्हावी लागते. टेट्रागोना आणि एकिनोबोथ्रिडा मुंग्यांतून येतात, सेस्टिसिलस भुंगेऱ्यांतून. खुराड्याशेजारी मुंग्यांची वारुळे आणि सडके शेण असताना केवळ औषधावर भिस्त ठेवली तर पट्टी परत येणारच.

औषध कोणते घ्यायचे हे ठरवण्यासाठी सकाळची ताजी विष्ठा एका स्वच्छ डबीत घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. विष्ठेवर तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, हळूहळू हलणारे तुकडे दिसत असतील तर ते पट्टकृमीचे खंड होत आणि ते डॉक्टरांना आवर्जून दाखवावेत, कारण ते उन्हात लवकर सुकून ओळखू येईनासे होतात. गोल जंताची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती मिठाच्या संपृक्त द्रावणात तरंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ॲस्करिडिया आणि हेटेराकिस यांची अंडी इतकी सारखी असतात की नुसत्या नजरेने त्यांच्यात भेद करणे अनुभवी माणसालाही जड जाते, मात्र दोघांवरही चालणारे औषध निवडता येते, त्यामुळे इलाजाला त्याने फारसा फरक पडत नाही.